शेजारच्या चर्चची घंटा : धर्मग्रामांनी मिळून नियोजन कसे करावे

आमच्या धर्मग्रामाच्या हद्दीवर एक ओहोळ आहे. ओहोळाच्या अलीकडे आम्ही, पलीकडे शेजारचा धर्मग्राम. ओहोळाला लागून असलेल्या आमच्या शेवटच्या घरात एक आजी राहतात. गुडघ्यांनी साथ सोडल्यापासून त्यांना देवळात येता येत नाही. दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आमचे एक ख्रिस्तप्रसाद सेवक त्यांच्याकडे जात. ते मुलाकडे परदेशी गेले आणि ती फेरी थांबली. कोणी ठरवून थांबवली नव्हती. वहीत त्या घरापुढे दुसऱ्या कोणाचे नाव लिहायचे राहून गेले, एवढेच.

चार महिन्यांनी मी सहज त्यांच्याकडे डोकावलो. आजींनी तक्रार केली नाही. खिडकीकडे हात करून म्हणाल्या, "त्या देवळाची घंटा मला रोज ऐकू येते, बाबा. तिथले एक गृहस्थ दर शुक्रवारी पुलापलीकडच्या आजारी माणसाकडे ख्रिस्तप्रसाद घेऊन येतात. मी इथून बघते. पण मी पडले तुमच्या हद्दीत."

पॅरिश कौन्सिलच्या कितीतरी बैठकांना मी बसलो आहे, पण त्या एका वाक्याने मला जे शिकवले ते कोणत्याही बैठकीने शिकवले नव्हते. त्यांच्या घरी जायला माणूस होता, पन्नास पावलांवर होता. आम्हाला तो माहीत नव्हता, कारण आम्ही शेजारच्या धर्मग्रामाशी कधी बोललोच नव्हतो. आमचे संबंध होते ते सणाच्या निमंत्रणापुरते आणि फुटबॉलच्या सामन्यापुरते.

आज वसईत, मुंबईत, नाशिक-पुण्याकडे आणि मराठवाड्यातही धर्मग्रामांची माणसे बदलत आहेत. कुठे वाढत आहेत, कुठे आटत आहेत. धर्मगुरूंची संख्या आणि त्यांचे वय, वर्ग घेणाऱ्यांचा वेळ, पैसा, जागा, सगळ्याचे गणित बदलले आहे. हे बदल एकेकट्याला पेलणारे नाहीत. म्हणून धर्मग्राम परिषदेच्या सभासदांसाठी, धर्मशिक्षकांसाठी, लघु समूहांच्या पुढाऱ्यांसाठी आणि आपल्या फादरांसाठी हा लेख लिहीत आहे. माझे म्हणणे एवढेच आहे : गरज दारात येऊन उभी राहण्याआधी शेजारच्या धर्मग्रामाबरोबर बसा, आणि बसाल तेव्हा एका ठोस कामापासून सुरुवात करा.

बदल नेमका कोणता?

वसई धर्मप्रांत १९९८ साली मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा झाला. पश्चिमेला समुद्रकाठची जुनी ख्रिस्ती गावे, मध्ये रेल्वेच्या दोन्ही बाजूंना वाढलेले शहर, आणि पूर्वेला व उत्तरेला तलासरी, डहाणू, जव्हार, मोखाड्यापर्यंत आदिवासी पाडे, असा हा प्रदेश आहे. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. वाडीतल्या केळीच्या जागी इमारती आल्या. कादोडी आणि वाडवळी बोलणाऱ्या घरांशेजारी कोकणी, तुळू, तमिळ, मल्याळम बोलणारी कुटुंबे राहायला आली. इकडे आपल्या आळीतली मुले आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात गेली. मोठ्या घरात दोन म्हातारी माणसे राहतात आणि समोरच्या इमारतीत तीस नवी कुटुंबे, ज्यांना आपला धर्मग्राम कोणता हेही नीट ठाऊक नसते.

मुंबईत हीच गोष्ट उलट दिशेने घडली. गिरगाव, कावेल, डाबूळ, माझगाव या जुन्या वस्त्यांमधून कुटुंबे बोरिवली, मीरा रोड, वसईकडे सरकली. तिथली चर्च मोठी राहिली आणि बाकांवरची माणसे कमी झाली. अहिल्यानगर आणि मराठवाड्याच्या ग्रामीण भागात ऊसतोडीला किंवा शहरात कामाला जाणारी कुटुंबे वर्षाचे काही महिने गावात नसतात. तिथे नाताळची गर्दी पाहून धर्मग्रामाचा अंदाज बांधला तर तो हमखास चुकतो.

घरे लहान झाली, घरातली मुले एक-दोनवर आली. ज्या वसईने देशभर धर्मगुरू आणि धर्मभगिनी पाठवल्या, तिथेही आता एका मुलाला सेमिनरीत पाठवणे आईबापांसाठी पूर्वीपेक्षा फार मोठा त्याग झाला आहे. याचा दोष कोणाला देण्यात अर्थ नाही. आहे ते पाहून पुढचे ठरवायचे आहे.

धर्मसंहिता आपल्या बाजूने आहे

शेजारच्या धर्मग्रामाबरोबर बसायचे म्हटले की पहिली शंका येते : "म्हणजे आपले चर्च बंद करणार?" ही भीती खरी आहे, तिला हसू नका. तिचे उत्तर धर्मसंहितेत आहे आणि ते पहिल्याच सभेत लोकांना वाचून दाखवा.

धर्मग्राम स्थापन करणे, रद्द करणे किंवा त्यात मोठा बदल करणे हा अधिकार फक्त बिशपांचा आहे, आणि तोही धर्मगुरू परिषदेचे मत ऐकल्यावरच त्यांना वापरता येतो (कलम ५१५). म्हणजे दोन पॅरिश कौन्सिलनी चहा घेत बसून कोणाचे चर्च बंद होत नाही. उलट, शेजारच्या धर्मग्रामांनी एकत्र काम करावे म्हणूनच संहितेने त्यांचे गट करायची सोय दिली आहे (कलम ३७४). त्यांना आपण डीनरी म्हणतो. डीनने आपल्या भागातले समान मेषपालीय काम वाढवावे आणि त्याचा मेळ घालावा, हे त्याचे पहिले कर्तव्य म्हणून लिहिले आहे (कलम ५५५). त्याच कलमात आजारी धर्मगुरूंची काळजी घेण्याचेही काम त्याच्यावर सोपवले आहे. सहकार्याची सुरुवात फादरांपासूनच होते, हे यातून दिसते.

धर्मगुरूंची कमतरता असेल तर एका धर्मगुरूकडे शेजारचे अनेक धर्मग्राम सोपवता येतात (कलम ५२६), किंवा काही धर्मगुरूंकडे मिळून काही धर्मग्राम देता येतात (कलम ५१७). या दोन्ही व्यवस्थांत प्रत्येक धर्मग्रामाचे नाव आणि अस्तित्व तसेच राहते. २९ जून २०२० रोजी व्हॅटिकनच्या धर्मगुरूविषयक विभागाने धर्मग्रामांच्या मेषपालीय परिवर्तनावर एक मार्गदर्शिका काढली. केवळ धर्मगुरू कमी आहेत किंवा धर्मप्रांताची आर्थिक स्थिती एकूण कठीण आहे, एवढ्या कारणावर धर्मग्राम एकमेकांत विलीन करू नयेत, असे तीत स्पष्ट म्हटले आहे. शेजाऱ्यांच्या सहकार्याचा मार्ग मात्र तिने मोकळा ठेवला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये संपलेल्या सिनडनेही सहभागाच्या परिषदा नावापुरत्या न राहता खऱ्या अर्थाने चालाव्यात, यावर भर दिला.

बोस्टनने दोनदा शिकलेला धडा

अमेरिकेतल्या बोस्टन महाधर्मप्रांताची गोष्ट आपल्याला उपयोगी आहे, कारण तिथे दोन्ही वाटा चालून पाहिल्या गेल्या.

२००४ साली बोस्टनमध्ये ६० हून अधिक धर्मग्राम बंद करण्याची घोषणा झाली. लोकांना धक्का बसला. काही चर्चमध्ये माणसांनी दिवसरात्र ठाण मांडले. सिच्युएट गावातल्या संत फ्रान्सेस झेव्हियर काब्रिनी चर्चमध्ये हा जागता पहारा ११ वर्षांहून अधिक काळ चालला आणि २०१६ साली संपला. पाळीपाळीने माणसे तिथे झोपत होती, कारण चर्च रिकामे सापडले तर कुलूप लागेल ही भीती. ज्या दगड-विटांमध्ये आपला बाप्तिस्मा झाला, आईची अंत्यविधीची मिस्सा झाली, ती जागा वरून आलेल्या यादीत दिसली की माणसाच्या मनात काय होते, ते या ११ वर्षांतून समजून घ्यावे.

त्याच महाधर्मप्रांताने २०१२ साली दुसरी वाट धरली. तेव्हाच्या २८८ धर्मग्रामांचे सुमारे १३५ गट करायचे ठरले. प्रत्येक धर्मग्रामाचे नाव, मालमत्ता आणि हिशेब वेगळे राहणार, मात्र गटाला एक प्रमुख धर्मगुरू, त्यांच्याबरोबर कामकऱ्यांची एक तुकडी आणि मिळून एक परिषद. सगळे एकदम केले नाही. २०१३ मध्ये पहिल्या टप्प्यात थोडे गट सुरू केले, त्यांच्या लोकांना आधी शिक्षण दिले, मग पुढचे गट घेतले. ही वाटही सोपी नव्हती, पण तिच्यात लोकांना आधी बोलावले गेले. आपण बंदीची यादी येण्याच्या खूप आधी बसू शकतो. आपल्याकडे तो अवधी अजून आहे, आणि तोच वाया जाऊ द्यायचा नाही.

पहिले पाऊल : बसण्याआधी भेटा

पहिली बैठक विषयपत्रिका घेऊन करू नका. दोन किंवा तीन धर्मग्रामांचे फादर, प्रत्येकाचे तीन-चार प्रापंचिक आणि त्या भागात सेवा करणाऱ्या एखाद्या धर्मभगिनी, एवढ्यांनी एकत्र प्रार्थना करावी, जेवावे आणि आपापल्या धर्मग्रामाची गोष्ट सांगावी. आमचे चर्च कोणी बांधले, आमच्या सणाला काय करतो, कशाचा अभिमान आहे, कशाची काळजी आहे. या पहिल्या भेटीत काही ठरवू नका.

धर्मग्राम निवडताना नकाशापेक्षा माणसांची ये-जा पाहा. ज्या गावांचा बाजार एक, शाळा एक, एसटीची वाट एक, ती गावे सहज जुळतात. नकाशावर जवळ असलेल्या पण मध्ये खाडी किंवा महामार्ग असलेल्या गावांना ओढून एकत्र आणू नका.

दुसरे पाऊल : मोजा, पण माणसे म्हणून मोजा

अंदाजावर नियोजन करू नका. आम्ही शेजारचे तीन धर्मग्राम एकत्र बसलो तेव्हा "तरुण येत नाहीत" हे वाक्य सगळ्यांनी म्हटले, पण नेमके किती येत नाहीत, ते कोणालाच सांगता आले नाही. म्हणून पुढची यादी तिन्ही धर्मग्रामांनी एकाच पद्धतीने, एकाच महिन्यात भरावी :

— मागच्या दहा वर्षांतले बाप्तिस्मे, प्रथम ख्रिस्तप्रसाद, दृढीकरण, विवाह आणि अंत्यविधी, वर्षवार.
— चार साध्या रविवारी प्रत्येक मिस्सेला हजर असलेली माणसे. सण, झावळ्यांचा रविवार आणि नाताळ टाळा. ऑक्टोबर या मोजणीला चांगला.
— धर्मशिक्षणाच्या प्रत्येक इयत्तेतली मुले आणि त्यांना शिकवणारी माणसे, शिकवणाऱ्यांच्या वयासह.
— घरी अंथरुणाला खिळलेली किंवा एकटी राहणारी माणसे, आळीवार.
— धर्मगुरू किती, त्यांच्यावर शाळेची, दवाखान्याची, धर्मप्रांताची दुसरी कोणती जबाबदारी आहे.
— जागा : सभागृह, वर्गखोल्या, दफनभूमी, आणि त्या आठवड्यातून किती तास वापरात असतात.
— नव्या इमारतींतली कॅथॉलिक कुटुंबे, त्यांची भाषा आणि ती कुठून आली.

शेवटच्या मुद्द्यात एक गोष्ट लक्षात ठेवा. केरळहून आलेली अनेक कुटुंबे सिरो-मलबार विधीची असतात आणि त्यांचा स्वतःचा कल्याण धर्मप्रांत १९८८ साली स्थापन झाला. त्यांना आपल्या यादीत चुकून ओढू नका, पण त्यांच्या धर्मगुरूंशी मात्र जरूर बोला. रुग्णसेवा आणि गरजूंना मदत ही कामे त्यांच्याबरोबर उत्तम होतात.

ही माहिती माणसांची आहे. कोणाचा फोन नंबर, कोणाचे आजारपण दुसऱ्या धर्मग्रामाला कळवण्याआधी त्या घराची परवानगी घ्या. विवाहातल्या अडचणींसारख्या गोष्टी यादीत येऊच नयेत.

तिसरे पाऊल : आळीत जाऊन ऐका

आकडे काय घडते ते सांगतात, ते का घडते ते माणसे सांगतात. मिस्सेनंतर माईक देऊन "कोणाला काही बोलायचे आहे का" असे विचारले तर तेच तिघे उठतात. लघु ख्रिस्ती समूहांच्या बैठकीत, घराच्या ओट्यावर, इमारतीच्या गच्चीवर ऐका. तीनच प्रश्न पुरेत : धर्मग्रामात तुम्हाला बळ कशातून मिळते? कशासाठी तुम्हाला दुसरीकडे जावे लागते? तुम्ही स्वतः काय देऊ शकता?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर फार काही शिकवते. आमच्याकडच्या अनेक कुटुंबांनी सांगितले की ती आधीपासूनच शेजारच्या चर्चला जातात, कारण तिथे संध्याकाळी मिस्सा असते आणि कामावरून येता येता ती मिळते. हद्दी आपण कागदावर सांभाळत बसलो होतो, लोक कधीच ओहोळ ओलांडून गेले होते.

नवी कुटुंबे आणि तरुण यांना वेगळे ऐका. त्यांना कौन्सिलच्या सभेत बोलावले तर ते गप्प बसतात. सिस्टरांनाही ऐका. घरोघरचे दुःख अनेकदा आधी त्यांना कळते.

चौथे पाऊल : एकच काम निवडा

इथे बहुतेक गट चुकतात. माहिती गोळा झाली की पंधरा कामांची यादी होते आणि सहा महिन्यांत ती कपाटात जाते. एकच काम निवडा. ते काम असे असावे की त्यात कोणाचे काही हिरावले जात नाही, फळ सहा महिन्यांत दिसते आणि ते कोणालाही एकट्याला जमत नाही. चार कामे या कसोटीला चांगली उतरतात.

पहिले, आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद. तिन्ही धर्मग्रामांच्या आजाऱ्यांची एक यादी करून ती हद्दीप्रमाणे नव्हे तर वाटेप्रमाणे लावा. ज्याचे घर जवळ, तो जाईल. यासाठी बिशपांची नेमणूक असलेल्या सेवकांची नावे डीनकडून तपासून घ्या.

दुसरे, विवाहपूर्व मार्गदर्शन. एका धर्मग्रामात वर्षाला मोजकीच लग्ने होत असतील, तर तिघांनी मिळून वर्षाला दोन शिबिरे घ्यावीत. डॉक्टर, समुपदेशक आणि अनुभवी जोडपी एकत्र मिळतात, आणि मुलामुलींना आपल्या वयाची इतर जोडपी भेटतात.

तिसरे, धर्मशिक्षकांचे प्रशिक्षण. वर्ग ज्याचे त्याच्याकडे राहू द्या, फक्त शिक्षक एकत्र शिकू द्या. मे महिन्यात दोन दिवस पुरतात. पोप फ्रान्सिस यांनी मे २०२१ मध्ये धर्मशिक्षकांच्या सेवेला चर्चमधील अधिकृत सेवेचा दर्जा दिला आहे. त्या सेवेची तयारी म्हणूनही या प्रशिक्षणाकडे पाहा.

चौथे, तरुणांचा गट. आठ तरुण एका चर्चमध्ये एकटे पडतात. तिघांचे पंचवीस झाले की गाणी होतात, सहल होते, रक्तदान शिबिर होते.

विलीनीकरण, मिस्सांची संख्या कमी करणे, सभागृह विकणे, हे विषय पहिल्या वर्षी हातात घेऊ नका. विश्वास तयार होण्याआधी ते विषय काढले तर बाकीचे कामही थांबते.

पाचवे पाऊल : मिस्सांचे वेळापत्रक

दुसऱ्या वर्षी हा विषय येणारच. समजा तीन चर्च तीन किलोमीटरच्या आत आहेत आणि तिन्हीकडे रविवारी सकाळी सातला मिस्सा आहे, पण संध्याकाळी एकाही ठिकाणी नाही. तीन धर्मगुरू एकाच वेळी वेदीवर उभे आहेत आणि संध्याकाळच्या पाळीचा कामगार मात्र मिस्सेविना राहतो. धर्मगुरूने दिवसाला एकच मिस्सा करावी हा नियम आहे. धर्मगुरू कमी असतील तर बिशप रविवारी आणि सणाला तीनपर्यंत परवानगी देऊ शकतात (कलम ९०५). म्हणजे आपल्या फादरांकडे तीनपेक्षा जास्त मागणे अन्यायाचे आहे. तीनही दर रविवारचा पायंडा नसावा.

तिघांच्या वेळा एका कागदावर लिहा. त्यात भाषाही लिहा : मराठी, इंग्रजी, कोकणी, हिंदी. कोणाची एकुलती एक मिस्सा काढायची नाही, हे आधी कबूल करा. मग एक वेळ अर्धा तास पुढे, एक संध्याकाळी, असे छोटे बदल सहा महिन्यांच्या प्रयोगावर करा आणि तसे लोकांना सांगा. बदललेल्या वेळा तिन्ही चर्चच्या फलकावर एकत्र लावा. पुलावरून जाण्याची म्हाताऱ्यांना भीती वाटत असेल तर रिक्षाची सोय आधी करा, वेळ नंतर बदला.

दूरच्या पाड्यावर धर्मगुरू पोहोचत नसतील, तर तिथे धर्मशिक्षकाने रविवारची वचनसेवा चालवण्याची पद्धत संहितेला मान्य आहे (कलम १२४८). तलासरी-जव्हारकडच्या आपल्या धर्मशिक्षकांना अशा सेवेचा अनुभव आहे. किनाऱ्यावरच्या धर्मग्रामांनी त्यांच्याकडून शिकावे.

सहावे पाऊल : पैसा, सुरक्षितता आणि कागद

पैशाबद्दल सुरुवातीलाच बोला. न बोललेला पैसा सहकार्य तोडतो. प्रत्येक धर्मग्रामात वित्त समिती असणे संहितेने बंधनकारक केले आहे (कलम ५३७). तिघांच्या वित्त समित्यांमधून एकेक माणूस घेऊन एकत्र कामाचा खर्च ठरवा. वाटणी समान असावी की रविवारच्या अर्पणाच्या प्रमाणात, ते लिहून ठेवा. लहान धर्मग्रामाला प्रमाणाची वाटणी बहुधा न्यायाची वाटते.

दात्याने एका कामासाठी दिलेला पैसा दुसऱ्या कामाला वापरता येत नाही (कलम १२६७). परदेशी देणगीच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी एका संस्थेकडून दुसरीकडे वळवता येत नाही. म्हणून ट्रस्टच्या खात्यातून काहीही हलवण्याआधी धर्मप्रांताचे कार्यालय आणि आपला सनदी लेखापाल, दोघांना विचारा.

मुलांचे कार्यक्रम एकत्र घेताना दोन प्रौढ माणसे सतत हजर असावीत, त्यातली एक बाई असावी, मुलांची ने-आण कोण करणार हे पालकांना लेखी कळवावे. लैंगिक अत्याचारांपासून मुलांच्या संरक्षणाचा २०१२ चा पोक्सो कायदा सगळ्यांना लागू आहे आणि गुन्ह्याची माहिती मिळाल्यास पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. अनोळखी स्वयंसेवकांची चौकशी करायला संकोच करू नका.

मग एक पानी करार करा. त्यात काम कोणते, कुठपर्यंत, जबाबदार माणूस कोण, त्याच्या जागी राखीव माणूस कोण, खर्च कसा, आढावा कधी. तिन्ही फादरांची आणि तिन्ही परिषदांची सही घ्या आणि एक प्रत डीनकडे द्या. राखीव माणसाचे नाव हा कराराचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. आजींच्या घरची फेरी थांबली ती त्या एका नावाअभावी.

फादर बदलले तर?

प्रमुख धर्मगुरू काही वर्षांनी बदलतात. नवे फादर येतात, त्यांची आवड वेगळी, आणि जुने सहकार्य हळूहळू विरते. याला उपाय प्रापंचिकांच्या हाती आहे. कामाची एक फाईल ठेवा. करार, मोजणीचे तक्ते, लोकांनी काय सांगितले, काय जमले, काय फसले. नवे फादर आले की पहिल्या महिन्यात तिन्ही धर्मग्रामांच्या माणसांनी मिळून त्यांची भेट घ्यावी आणि फाईल त्यांच्यासमोर ठेवावी. त्यांच्या नव्या कल्पनांना जागा द्या, पण आजाऱ्यांची फेरी थांबणार नाही एवढे आधी सांगा.

धर्मगुरूंच्या बाबतीत आणखी एक. सहकार्य म्हणजे त्यांच्यावर बैठकांचा नवा बोजा होऊ देऊ नका. एकत्र बैठक झाली तर आपल्या धर्मग्रामाची त्या महिन्याची एक बैठक कमी करा. तिघा फादरांना महिन्यातून एकदा एकत्र जेवायला मोकळे सोडा. एकटे राहणारे धर्मगुरू थकतात, आणि त्यांना शेजारी मिळणे हेही या कामाचे फळ आहे.

या ठिकाणी जपून

मोठा धर्मग्राम लहानाला गिळतो. बैठका सतत मोठ्या चर्चच्या सभागृहात होऊ लागल्या, अध्यक्ष सतत तिथलाच, की लहान धर्मग्रामाची माणसे येणे थांबवतात. बैठक आळीपाळीने घ्या, अध्यक्षपदही.

आपल्या समाजांच्या जुन्या रेषाही उगाच पुसल्यासारख्या करू नका. सामवेदी, वाडवळ, कोळी, आदिवासी, गोव्याहून किंवा मंगळूरहून आलेले, प्रत्येकाची भाषा, गाणी, लादीन म्हणण्याची पद्धत वेगळी आहे. एकत्र काम करताना कोणाचे गाणे बंद करू नका. सणाला एक कोकणी गीत, एक कादोडी गीत, एक मराठी. सण मात्र ज्याचा त्याचा राहू द्या. संत गोन्सालो गार्सिया हा वसईचा सुपुत्र १५९७ साली नागासाकीला हुतात्मा झाला. त्याचा सण सगळ्यांचा आहे, तरी गास गावच्या लोकांना त्याचे जे वाटते ते त्यांचेच आहे.

आपल्याकडे या कामाची परंपरा नाही असे कोणी म्हणेल तर त्याला आठवण करून द्या. १९१८ साली वसईत बॅसिन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँकेचा पाया घातला गेला, तो गावागावांतल्या माणसांनी थोडे थोडे पैसे एकत्र केले म्हणून. हरित वसईच्या चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याबरोबर वेगवेगळ्या गावांची, वेगवेगळ्या धर्मांची माणसे रस्त्यावर उतरली. पाणी आणि जमीन वाचवायला आपण हद्दी विसरलो होतो.

पहिल्या वर्षाचे वेळापत्रक

जूनमध्ये पहिली भेट. जुलै-ऑगस्टच्या पावसात आळीतल्या बैठका, कारण लग्ने त्या काळात कमी असतात. ऑक्टोबरात मोजणी. नोव्हेंबरात एक काम निवडून करार. डिसेंबरात नवे काही नको, नाताळ आहे. उपवासकाळात काम सुरू करा. हा काळ त्याला अनुकूल आहे, माणसे द्यायच्या मनःस्थितीत असतात. ईस्टरनंतर पहिला आढावा. धर्मशिक्षकांचे प्रशिक्षण हेच काम निवडले असेल तर ते मे महिन्यात. पुढच्या जूनमध्ये दुसरे काम निवडायचे की पहिलेच घट्ट करायचे, ते ठरवा. पहिलेच घट्ट करायचे ठरले तरी वर्ष वाया गेले असे समजू नका.

आढाव्याला एकच प्रश्न पुरतो : या कामामुळे कोणत्या माणसाच्या आयुष्यात काय बदलले? नाव घेऊन सांगता येत नसेल तर काम बदला.

आमच्याकडे आजाऱ्यांची वही आता तिन्ही धर्मग्रामांची मिळून एक आहे. तिच्यात दोन रकाने आहेत. पहिल्यात आजारी माणूस कोणत्या धर्मग्रामाचा, दुसऱ्यात त्याच्याकडे जाणार कोण. आजींचे नाव पहिल्या रकान्यात अजून आमच्याच धर्मग्रामापुढे लिहिलेले आहे. त्यांचा बाप्तिस्मा, लग्न, नवऱ्याचा अंत्यविधी सगळे आमच्या चर्चमध्ये झाले, आणि तसेच राहील. दुसऱ्या रकान्यात पुलापलीकडच्या त्या गृहस्थांचे नाव आहे आणि त्याच्याखाली राखीव म्हणून माझे. पहिल्या शुक्रवारी ते पुलावरून येतात तेव्हा आजी खिडकीत आधीच बसलेल्या असतात. घंटा झाली की त्यांना कळते, आता दहा मिनिटांत ते येतील.